कपाटातलं अस्वल

आमच्या गल्लीतल्या वाचनालयात सगळ्यांच्या जागा ठरलेल्या आहेत. पंख्याखालची खुर्ची माझी, खिडकीजवळची तातेरावांची. पेपर आला की त्याची पानं सुटी होतात. पहिलं पान मी घेतो, बाजारभावाचं तातेराव घेतात आणि वाचून झालं की काही न बोलता अदलाबदल होते. पोस्टातून रिटायर झालो तेव्हापासून माझा हा नेम आहे. त्यात मध्ये कुणी आलेलं मला खपत नाही, लहान मूल तर मुळीच नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी प्रभावतीबाईंबद्दल चांगलं बोलणार आहे, आणि त्यावरून माझा स्वभाव मऊ आहे असा कुणी समज करून घेऊ नये.

प्रभावतीबाई आमच्याकडं आल्या त्या वाचायला नव्हे, सावलीत बसायला. त्यांची सून प्रीती समोरच्या दवाखान्यात नर्स होती आणि मुलगा नागसेन पुण्याला कंपनीत. सुनेची ड्यूटी सुटेपर्यंत साडेचार वर्षांच्या नातीला घेऊन बसायचं कुठं? दवाखान्यात खोकणारी माणसं. हॉटेलात चहा संपला की मालक टेबल पुसायला लागतो. वाचनालयात मात्र पंखा आहे, माठ आहे आणि कुणी ऊठ म्हणत नाही. बाईंनी सारी नोकरी अंगणवाडीत मदतनीस म्हणून केली, खिचडी शिजवली, दुसऱ्यांची पोरं निजवली. पोरांच्या गोंगाटात राहूनही बाईंचा आवाज कधी चढला नाही. त्या कुजबुजतच बोलत. पण ती कुजबूज अशी, की पार दाराशी बसलेल्या माणसालाही शब्द न् शब्द ऐकू यावा.

नातीचं नाव सांची. पहिल्याच दिवशी तिनं सगळ्या खोलीला फेरी मारली आणि मागच्या भिंतीच्या कपाटापाशी थांबली. त्या लाकडी कपाटावर ‘बालविभाग’ अशी पाटी आहे. काचेआड पुस्तकांच्या रांगा, सगळ्यांच्या पाठी आपल्याकडं. पुढं एकच पुस्तक तोंड दाखवत उभं केलेलं होतं. त्याच्यावर छत्री घेतलेलं अस्वल विहिरीत डोकावत होतं.

हा बालविभाग म्हणजे आमच्या वाचनालयाची शान. कुणी पाहुणा आला की त्याला आधी तिकडं न्यायचं आणि सांगायचं, बघा, इतकी वर्षं झाली, एक पान फाटलेलं नाही. फाटणार कसं? कपाटाला कुलूप, आणि चावी सचिव रामरावांकडं. रामराव मुलाकडं जालन्याला राहायला गेले ते चावी बरोबर घेऊनच. वर्षातून दोनदा झेंडावंदनाला येतात, कपाट उघडून फडकं मारतात आणि परत कुलूप लावून जातात. यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही. मोठी माणसं पेपर वाचत होती, पुस्तकं सुरक्षित होती, आणखी काय पाहिजे?

सांचीनं आजीला विचारलं, विहिरीत काय हाय? आजीनं आमच्या ग्रंथपालाला, भागवतला, चावी मागितली. भागवत तोंडातल्या तोंडात बोलणारा गरीब माणूस. त्यानं झेंड्याची हकिगत सांगितली. दिवाळी नुकतीच झाली होती, म्हणजे झेंडा अजून लांब. त्यांच्या जागी मी असतो तर तिथंच तंटा केला असता. बाई म्हणाल्या, “बरं. झेंड्याला येतील तवा बघू.” आणि बाक ओढून कपाटासमोर बसल्या.

मग रोज संध्याकाळी तेच. काचेतून अस्वल बघायचं आणि विहिरीत काय असेल ते बाईंनी सांगायचं. एके दिवशी तळाशी बेडकांची अंगणवाडी असायची आणि मोठी बेडकीण खिचडी वाढत असायची. एके दिवशी अस्वलाच्या आजीची नथ पडलेली असायची. आम्ही पेपर डोळ्यांसमोर धरून बसायचो. मी दोनदा भागवतला खूण केली की यांना गप्प कर. त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही, तो ऐकत होता.

शेवटी तातेरावांना राहवलं नाही. ते शेतकरी माणूस. पेपर खाली करून म्हणाले, “मोटर पडली असंल त्याची. दोर तुटला असंल.” सांचीला ते पटलं. दुसऱ्या दिवशी भागवत म्हणाला, रामरावांची चावीच त्या विहिरीत पडली असेल. मला कुणी विचारलं नव्हतं, तरी मी म्हणालो, टोपी. बोललो आणि माझी मलाच लाज वाटली, कारण सगळे माझ्याकडं वळून बघत होते. पण त्या दिवसापासून प्रभावतीबाई आल्या नाहीत तर मला पेपर फिका लागायचा, हे खरं आहे.

संक्रांत झाली आणि प्रीतीच्या बदलीची ऑर्डर आली, जाफराबादला. महिनाअखेरीस बिऱ्हाड हलवायचं. म्हणजे सांचीच्या हाती झेंड्याचा तेवढा एकच दिवस होता. भागवतनं रामरावांना फोन करून चावीची आठवण करून दिली. नंतर मीही केला. तातेरावांनीही केला होता असं मागाहून कळलं.

सव्वीस जानेवारीला सकाळी झेंडा झाला, बुंदीच्या पुड्या वाटल्या. प्रभावतीबाई पांढरी साडी नेसून आल्या होत्या. सांचीनं बुंदी उघडलीसुद्धा नाही, पुडी मुठीत धरून ती कपाटासमोर उभी. रामराव मोठ्या खुशीत होते. स्वतः जालन्याला दुकानात जाऊन निवडून आणलेली पुस्तकं, आणि एक पोरगी त्यांच्यासाठी इतके दिवस वाट बघते! त्यांनी कुलूप काढलं, अस्वलाचं पुस्तक उचललं आणि त्याच्या मागून भसकन माती सांडली.

वाळवी भिंतीतून आली होती. मागून आत शिरून तिनं पुस्तकं खाल्ली, आणि आमच्याकडच्या पाठी तेवढ्या कोऱ्या करकरीत ठेवल्या. दर झेंड्याला रामराव पुढूनच फडकं मारत. एकेक पुस्तक काढलं तसं हातात नुसतं पुठ्ठ्याचं टरफल यायला लागलं. रामरावांचं तोंड एवढंसं झालं. मला त्यांचा राग आला आणि लगेच कीवही आली. त्यांनी जपण्यात काही कसर ठेवली नव्हती.

“कोणी खाल्लं?” सांचीनं विचारलं.

“वाळवीनं, बाळा,” रामराव म्हणाले. “बारीक किडा असतो.”

सांचीनं कुलपाकडं बघितलं, मग रामरावांकडं.

“मला उघडून देत न्हवते. मंग तिला कोणी उघडून दिलं?”

तिनं ते भांडण म्हणून विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि म्हणूनच ते आम्हा सगळ्यांना लागलं.

प्रभावतीबाईंनी पुस्तक हातात घेतलं, पदरानं माती पुसली आणि नातीला मांडीवर बसवलं. पुढची काही पानं शाबूत होती. त्यांनी ती वाचली. कडक ऊन पडलंय, अस्वल छत्री घेऊन निघालंय, वाटेत भेटेल त्याला विहिरीचा रस्ता विचारतंय. कुणी म्हणतं डावीकडं, कुणी म्हणतं उजवीकडं. शेवटी अस्वल विहिरीपाशी पोचलं, वाकलं, आत बघितलं, आणि पुढं माती. सांची रडली, पण आवाज न करता, वाचनालयात रडायचं तसं. बाईंनी तिला तसंच धरून ठेवलं. थोड्या वेळानं रामरावांनी कुलूप खिशात टाकलं. “आता हे लावत न्हाई,” एवढंच म्हणाले आणि बसस्टँडकडं गेले.

पुढच्या आठवड्यात बिऱ्हाड हललं. रामरावांनी नवी पुस्तकं पाठवली. कपाट भिंतीपासून सुटं केलं. गल्लीतली पोरं यायला लागली, पानं फाटायला लागली, आणि मी त्यांच्यावर रीतसर ओरडायला लागलो. कपाटासमोरचा बाक कुणी हलवला नाही. खरं सांगायचं तर त्या दोघींची फार आठवण यायची.

फाल्गुनात एका संध्याकाळी भागवतचा मोबाइल वाजला. प्रभावतीबाईंचा फोन होता. त्यानं तो स्पीकरवर ठेवला आणि वाचनालयात बोलू नये ही पाटी कुणी मनावर घेतली नाही. बाई सांगत होत्या, जाफराबादला गेल्यावर पोरीनं आधी वाचनालयच शोधायला लावलं. तिथलं पुस्तकांचं कपाट उघडंच होतं, आणि त्यात तेच अस्वल. पुस्तकाची पार दशा झालेली, कोपरे झिजलेले, पानांवर तेलकट बोटं, जागोजाग चिकटपट्टी. कुणा पोरानं अस्वलाला पेनानं मिशा काढलेल्या. पण पानं सगळी होती, पार शेवटापर्यंत.

“मंग काय निघालं विहिरीत?” तातेरावांनी विचारलं. ते खुर्चीतून उठून फोनपाशी आले होते. मीही उठलो होतो.

बाई म्हणाल्या, तिलाच विचारा, ती कवाची फोन ओढून राह्यली. मग सांचीचा आवाज आला.

“पाणी.”

“नुस्तं पाणी?” मी म्हणालो.

“हां. भरलेलं व्हतं. त्याला तहान लागल्ती.”

फोन ठेवल्यावर आम्ही जागेवर येऊन बसलो. मोटर, चावी, टोपी, नथ, बेडकांची अंगणवाडी. एवढे दिवस इतकी माणसं डोकं चालवत होती, आणि भर उन्हात विहिरीवर आलेल्या जीवाला पाणी पाहिजे असेल, हे आमच्यातल्या एकाच्याही मनात आलं नव्हतं. तातेराव बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांच्या विहिरीनं पौषातच तळ गाठला होता. “पाणी व्हय,” ते म्हणाले, आणि बाजारभावाच्या पानाची घडी करून त्यांनी ते माझ्याकडं दिलं.