काडीने घोडी थांबवली

तिला सगळे काडी म्हणत. बाप रेसकोर्सच्या तबेल्यात मोतद्दार, त्यामुळे घोड्यांना खरारा करतच ती वाढली. जॉकीचं लायसन्स मिळवणारी तिथली पहिली मुलगी तीच. तिला कपडे बदलायला खोली नव्हती. खोगिरांच्या अडगळीत दाराला पाठ लावून ती बदलायची.

दोन वर्षं तिला इतरांनी नाकारलेले घोडेच मिळाले. मग मोठ्या शर्यतीच्या दोन दिवस आधी ठरलेला जॉकी आजारी पडला आणि ट्रेनरने तिला बोलावलं.

"घोडीचे मालक नाहीच म्हणत होते. माझी मान खाली जाऊ देऊ नकोस."

तेव्हापासून वजन वाढेल या धास्तीने ती पाण्याचा घोटही मोजून घ्यायची.

शर्यतीच्या दिवशी सुरुवातीच्या गेटकडे जाताना घोडीने पुढचा डावा पाय जरासा चोरला. भास असेल? तिने घोडी पुन्हा दुडकी चालवली. पाच-सहा पावलं सरळ, मग परत तेच. बोलावं तर पोरगी घाबरली म्हणून हसतील. गप्प बसावं तर...

"काय गं, हातपाय गार पडले?" शेजारचा जॉकी हसला.

पडलेच होते. तरी तिने हात वर केला. "डॉक्टर, हिचा पाय दुखतोय."

घोड्यांच्या डॉक्टरने पाय चाचपला. "हाताला तर काही लागत नाही."

"पळवून बघा ना, पाया पडते तुमच्या!"

त्यांनी पळवून पाहिली, खांदे उडवले, पण जॉकीच सांगतेय म्हणून घोडी शर्यतीतून बाद केली. परतताना लोकांनी तिची हुर्यो उडवली. मालकाने बापादेखत सुनावलं, "घाबरट पोरीला बसवलं, चूक आमचीच." बाप खाली बघत राहिला; त्याची नोकरी मालकाच्याच हातात होती.

चार दिवस तिच्या मनात एकच प्रश्न. खरंच आपण भ्यालो असू तर?

पाचव्या दिवशी घोडीचा पाय सुजला. एक्स-रे काढला. हाडाला बारीक चीर. ट्रेनर स्वतः सांगायला आला.

"भरधाव सुटली असती तर हाड मोडलं असतं. तू तिच्याखाली आली असतीस."

"मालकांना सांगितलं?"

"सांगितलं. घोडी वाचली म्हणाले. तुझं नाव नाही काढलं."

त्या मालकाने तिला पुन्हा घोडा दिला नाही. ट्रेनरने मात्र इतरांचे मिळवून दिले. चौदा वर्षांत काडीने एकशे सहा शर्यती जिंकल्या, गळ्याजवळचं हाड दोनदा मोडून घेतलं. बापाने एकही शर्यत डोळ्यांनी पाहिली नाही. तबेल्यात पाठमोरा उभा राहून तो लाउडस्पीकर ऐकायचा. सगळे धडपणे परतले असं कळलं की मगच बादली उचलायचा.