आधी नमिका ला, मग फोटू ला

नव्वदच्या दशकात माझी पोस्टिंग भिंगारला होती. मी फौजेत नायक, बाहीवर दोन पट्ट्या, ट्रान्सपोर्टचा ड्रायव्हर, गाव शेवगाव तालुक्यात. हवालदार व्हायचं तर जनरल नॉलेजची तोंडी परीक्षा द्यावी लागे आणि हा माझा शेवटचा चान्स होता. आधी दोनदा भूगोलातच आपटलो होतो. आम्हा ड्रायव्हर लोकांना देश पाठ असतो तो रस्त्याने. दरड कुठे येते, चहा कुठे मिळतो, एवढंच डोक्यात राहतं.

सकाळी दहाला आत गेलो. समोर तरुण कॅप्टन, पुण्याचे. हातात छापील उत्तरांचा कागद. शेजारी आमचे सुभेदारसाहेब.

"सर्वात मोठं राज्य?"

"मध्य प्रदेश, साहेब." तेव्हा तेच सर्वात मोठं होतं.

"अरुणाचलची राजधानी?"

"तिकडं तवांगला गेल्तो साहेब. राजधानी रस्त्यात लागली न्हाई."

सुभेदारसाहेब मिशीत हसले. कॅप्टन हसले नाहीत. त्यांनी भारताचा कोरा नकाशा पुढे सरकवला.

"यावर पास-नापास. कारगिलहून लेहला जाताना कुठल्या खिंडी लागतात? क्रमाने."

मी मनात खूश झालो. तिकडे खिंडीला 'ला' म्हणतात. "आधी नमिका ला, मग फोटू ला."

"चूक. आधी फोटू ला."

"न्हाई साहेब."

"छापलेलं खोटं ठरवताय?"

"व्हय साहेब."

दोन वर्षांपूर्वी त्याच रस्त्यावर आमचा कॉन्व्हॉय, म्हणजे फौजी ट्रकांचा ताफा होता. माझ्या पुढच्या ट्रकवर कोपरगावचा नायक भिवा साळवे, माझा जोडीदार. नऊ वाजता नमिका ला उतरून एका टपरीवर थांबलो. भिवा म्हणाला, "लई गार हाय रं आज. अजून एक कप घेऊ." घेतला. अकरा दहाला फोटू लाच्या चढावर बर्फावरून त्याचा ट्रक दरीकडे घसरला. रेडिओवर मीच बोललो, "चार नंबरची गाडी खाली गेली. कॉन्व्हॉय थांबवा." भिवा तिसऱ्या दिवशी सापडला. मी ढसाढसा रडलो, सांगायला लाज वाटत नाही.

यातलं काही साहेबांना सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, "साहेब, फोटू ला आधी असता तर आमचा तो चा झालाच नसता."

"कसला चहा?"

सुभेदारसाहेब माझ्याजवळ येऊन पुटपुटले, "अरे, 'हो साहेब' म्हण आणि तिसरी पट्टी घे. कशाला हट्ट करतोस?"

त्यांचं माझ्यावर प्रेम होतं. पण माझं डोकं फिरलं होतं. कुठल्या कारकुनाच्या चुकीसाठी मी त्या दिवसाचा क्रम बदलणार नव्हतो. मी पेन्सिल उचलली. नकाशावर दोन खिंडी लावल्या, नमिका ला आधी. फोटू लाच्या अलीकडे एक ठिपका दिला आणि नाव लिहिलं.

"भिवा साळवे? हे कुठलं गाव?" कॅप्टननी विचारलं.

"गाव न्हाई साहेब. माझा जोडीदार हुता. तिथं गेला."

कॅप्टननी नकाशा छापील कागदाशी ताडून पाहिला. मग त्यांनी शून्य दिलं. मी सॅल्यूट ठोकून बाहेर आलो.

पुढे नायक म्हणूनच रिटायर झालो. तिसरी पट्टी मिळाली नाही, त्याचं दुःख आहे. पण त्या नकाशावर भिवा बरोबर जागी होता.