बोटीच्या आधी

शिवणकाकूंनी धंदा बदलला तेव्हा गल्लीने तोंडाला पदर लावून हसून घेतलं. चांगलं शिवणकाम सोडून ही बाई आता लोकांची टपालं वाहणार! सासूबाईंनी तर पदरही लावला नाही. "हमालीच करायची होती, तर मशीन कशाला घेतलं?" त्या समोरच म्हणाल्या.

धंदा होता मात्र डोकेबाज. काकूंचा धाकटा भाऊ राहायचा लांबच्या शहरात. तो विमानतळावर जाऊन असा प्रवासी गाठायचा, ज्याच्याकडे हातातल्या पिशवीपलीकडे सामान नाही. तिकिटाचा थोडा भार आम्ही उचलतो, म्हणायचा, तिकिटावर सामान न्यायचा तुमचा हक्क तेवढा आम्हाला द्या. मग प्रवाशाच्या नावावर काकूंनी शिवलेली, कागदपत्रांनी ठासून भरलेली बॅग विमानात चढायची आणि इकडे काकू ती उतरवून घ्यायच्या. प्रवासी दर खेपेला नवा, तोंडओळख कुणाशीच नाही. म्हणून बॅगेच्या मुठीला लाल फडकं बांधलेलं असायचं. लाल दिसलं की काकू पुढे.

पण गिऱ्हाइकं येईनात. शेवटी बंदरावरचा माल सोडवणारा एजंट तयार झाला, तोही चेष्टेने. बोट धक्क्याला लागायची आणि तिचे कागद भावाच्या शहरातून पोस्टाने मागाहून, रमतगमत यायचे. तोवर जकातवाले माल सोडत नसत, तो तिथेच सडायचा.

"उद्या सफरचंदांची बोट लागतेय, काकू," तो म्हणाला. "तिच्याआधी कागद माझ्या टेबलावर आले, तर आमच्या सगळ्या बोटी तुमच्या. नाही आले, तर बॅगा शिवा आणि बाजारात विका."

विकतही कुणी घेतल्या नसत्या. भावाने या धंद्यापायी नोकरी सोडली होती. हे काम हातचं गेलं असतं, तर त्याला पुन्हा जुन्या मालकाच्या दारात उभं राहावं लागलं असतं, आणि तो मालक म्हणजे खडूसपणाचा अर्क. काकूंना त्या रात्री घास गोड लागला नाही.

सकाळी विमान उतरलं. माणसं बाहेर आली. काकू टाचा उंचावून लाल शोधत राहिल्या. काळ्या बॅगा गेल्या, तपकिरी गेल्या, एका बाईचं तर गाठोडं गेलं. लाल काही दिसेना. दारातली गर्दी विरळ झाली. भावाला बॅग चढवता आली नाही की काय? आता तो एजंट आयुष्यभर दात काढणार!

तेवढ्यात बाहेर एका टॅक्सीचालकाने तपकिरी बॅग उचलून डिकीत ठेवायला घेतली. मूठ वर आली आणि काकूंना हिरवे टाके दिसले.

तपकिरी दोरा संपला होता म्हणून काकूंनी त्या मुठीला हिरव्याने चौपट टीप मारली होती. सासूबाईंनी नाक मुरडलं होतं, "शोभतंय का ते? लोक काय म्हणतील?"

"थांबा! ती बॅग माझी आहे!" काकू चपलांची पर्वा न करता धावल्या. एक चप्पल मागे राहिली ती राहिलीच.

टॅक्सीशेजारी उभे होते एक निवृत्त मास्तर, इस्त्रीच्या कपड्यांत, टापटीप. त्यांनी खिशातून घडी घातलेलं लाल फडकं काढलं. "हे तुमचं का? इतक्या चांगल्या बॅगेला कुणीतरी चिंधी बांधली होती. बरं दिसेना, म्हणून सोडली."

"अहो मास्तर! मग बॅग घेऊन निघालात कुठे?"

"कुणी न्यायला आलं नाही. म्हटलं, पोस्टात टाकावी. पोचेल सुखरूप."

काकूंनी कपाळावर हात मारला आणि मग इतक्या मोठ्याने हसल्या की टॅक्सीवालाही हसायला लागला. त्यानेच त्यांना बंदरावर सोडलं.

एजंटने कागद पाहिले, उलटेपालटे केले, मग खिडकीतून समुद्राकडे पाहिलं. समुद्र मोकळा होता. त्याने कागद जकातीच्या साहेबापुढे सरकवले. साहेबाने शिक्का उचलला आणि विचारलं, "बोट कुठाय?"

"यायचीय अजून," काकू ऐटीत म्हणाल्या. एका पायात चप्पल होती, पण ऐट दोन्ही पायांची होती.

एजंटने दोन्ही हात जोडले. "काकू, सगळ्या बोटी तुमच्या. बोललो ते बोललो."

काकू घरी आल्या आणि तशाच मशीनवर बसल्या. आता बॅगा पुष्कळ लागणार होत्या. सासूबाई खिडकीशी मटार सोलत होत्या. सुनेच्या अनवाणी पायाकडे त्यांनी पाहिलं आणि पुढची शेंग सोलायला घेतली. बऱ्याच वेळाने बंदरावर भोंगा झाला, लांब आणि जाड. सासूबाईंनी मान उंच करून खिडकीबाहेर पाहिलं.

"लागली गं बोट," त्या म्हणाल्या. मग उठून फडताळातून हिरव्या दोऱ्याचं रीळ काढलं आणि सुनेच्या हातात दिलं. "एवढी मोठी, पण तुझ्या मागूनच आली."