डांबरी सोडून पांदणीनं

अहमदपूरच्या शाळेत शिक्षक म्हणून बदली झाल्यावर मी गिअरची सायकल घेतली. रोज पहाटे नांदेडच्या रस्त्यानं जायचं, पहिल्या मोठ्या चढापर्यंत, आणि परतायचं. रस्ता गुळगुळीत, वेगही चांगला मिळायचा. पण सगळं लक्ष पाठीमागच्या आवाजाकडे. एका सकाळी एक ट्रक इतक्या जवळून गेला, की मी सायकलसकट कडेच्या खडीत पडलो. मनगट मुरगळलं. सायकल जिन्याखाली गेली.

मनगट बरं झालं तरी मी तिला हात लावीना. तेव्हा बायको म्हणाली, "सायकलीनं काय केलंय तुमचं? रस्ता बदला की. माझ्या माहेरी पांदणीनं जाऊ. मी पण येते."

पांदण म्हणजे दोन शेतांमधली बैलगाडीची वाट. शाळेला असताना ती याच वाटेनं सायकलवर अहमदपूरला यायची. लग्नानंतर मात्र तिनं सायकल चालवली नव्हती. शेजारणीची साधी सायकल तिनं मागून घेतली, ओढणी कमरेला खोचली आणि निघाली.

पहिल्या शेतापर्यंत ती डुगडुगत होती. मग तिच्या अंगाला जुनं सगळं आठवू लागलं. चाकोरीच्या मधल्या गवतावरून ती नीट चालली होती आणि माझी महागडी सायकल ढेकळांवर आदळत होती. दोन्हीकडे ज्वारी डोक्याएवढी. इथं पाठीमागे कान लावायची गरज नव्हती. कितीतरी दिवसांनी आम्ही घरखर्च आणि मुलांचे मार्क सोडून काही बोलत होतो.

ओढा आला. घोटाभर पाणी, खाली गोटे. मी उतरायच्या बेतात होतो. ती म्हणाली, "उतरू नका, पायडल थांबवू नका," आणि पाणी उडवत पलीकडे गेलीसुद्धा. मी मधेच थांबलो आणि बूट भरले. ती हसत सुटली. इतकी मोकळी हसताना मी तिला फार कमी वेळा पाहिलं होतं.

पलीकडच्या शेतात एक म्हातारा शेतकरी हरभरा पाहत उभा होता. "गुरुजी, रस्ता चुकलाव का?"

"न्हाई मामा, मुद्दाम आलोत," ती म्हणाली.

"चांगली डांबरी सोडून?" तो पुटपुटला, पण हिरव्या हरभऱ्याच्या ढाळ्याची जुडी उपटून तिच्या हँडलला अडकवलीच.

माहेरी पोचलो तेव्हा सासूबाई अंगणात होत्या. लेकीचे चिखलाचे पाय, विस्कटलेले केस त्यांनी नीट पाहिले. "शाळंतून आलीस जणू," एवढंच म्हणाल्या आणि पाणी आणायला वळल्या.

शाळेत जायला मला आजही डांबरीच लागते. घाई असते, आणि पावसाळ्यात पांदणीतली काळी माती चाक फिरू देत नाही. पण थंडी सुरू झाली, की रविवारी आम्ही पांदण धरतो. बायकोनं आता स्वतःची सायकल घेतली आहे. ती पुढे असते. मी मागून तिची पाठ बघत जातो आणि मला पुढे जावंसं वाटत नाही.