ताऱ्याचं डोलणं

भात झोडून झालं की डोळखांबच्या हवेत पेंढ्याचा कोरडा, गोडसर वास भरून राहतो, आणि त्या वासाबरोबर मला अजून आमच्या अंगणातली ती कातरवेळ आठवते. दारात उभी असलेली माझी बायको आणि डावी कड किंचित बाहेर काढून तिचं ते संथ डोलणं. मूल कडेवर असलं की बाई डोलते, तसं. तिच्या कडेवर कोणी नव्हतं. आमची आठ महिन्यांची मुलगी त्या पावसाळ्यात तापानं फणफणली आणि शहापूरच्या दवाखान्यात नेताना जीपमध्ये, बायकोच्या मांडीवरच गेली.

आईला त्या डोलण्याची भीती वाटे. "तिला बाहेरचं लागलंय रे, अवसेला भगताकडं नेऊ," ती म्हणायची. मी जमीन मोजणारा माणूस, मोजणीच्या साखळीत न मावणारं काही मानत नसे. पण त्या डोलण्याचा अर्थ मलाही लागत नव्हता, आणि अमावास्या जवळ येत होती.

त्याच आठवड्यात विज्ञानाच्या सरांनी शाळेच्या पटांगणात दुर्बीण लावली. दूरच्या ताऱ्यांभोवती ग्रह सापडू लागल्याच्या बातम्यांचे ते दिवस. ग्रह दिसत नाही, सर सांगत होते, त्याच्या ओढीनं तारा किंचित डोलतो, त्यावरून तो ओळखायचा. बाईनं लहान पोरीबरोबर फुगडी घालावी, अंधारात पोर दिसू नये, तरी बाईच्या झोकावरून तिच्या हाती कोणी आहे हे कळावं, तसं. माझ्या मोजणीच्या डोक्याला ते पटलं. मग ते म्हणाले, सापडलेले बरेचसे ग्रह ताऱ्याच्या फार जवळचे, नुसते तापलेले, तिथं जीव तगायचा नाही. जिथं पाणी पाणीच राहील अशा अंतरावरचा ग्रह अजून शोधताहेत.

बायकांच्या घोळक्यातून माझ्या बायकोचा आवाज आला, "इतकं जवळ असून जगत नाय?"

सर नाही म्हणाले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. त्यांना ती ग्रहाविषयीच विचारतेय असं वाटलं.

घरी आईनं पुन्हा भगताचा विषय काढला. "तिला काय लागलेलं नाय, आये," मी म्हणालो, "डोलू दे तिला." आई दिव्याची काच पुसायला लागली.

अमावास्येच्या संध्याकाळी आभाळ ताऱ्यांनी दाटलं होतं. ती दारात उभी होती, तशीच डोलत. मी जाऊन तिच्या डाव्या बाजूला उभा राहिलो, मधे एका लेकराएवढी जागा सोडून. ती जागा मी कधी मोजली नाही.