कोल्ह्याचा वाटा

हिराजीदादा गेल्याचं कळलं तेव्हा मी पनवेलच्या मंडईत काकड्या निवडत होते. फोन त्यांच्या सुनेचा, सविताचा होता. "काकू, बाबा गेलं. सकाली उठलंच नाय," एवढं म्हणून तिने फोन ठेवला. मी हातातली काकडी परत टोपलीत ठेवली. भाजीवाली म्हणत राहिली, ताई, कवळ्या आहेत, घ्या की, आणि मी तिच्याकडे नुसती बघत उभी... आता या गोष्टीला दीड महिना होत आला. अजूनही मंडईत गेले की मी त्या बाईसमोरून मान फिरवून पुढे जाते. आमच्या ह्यांना वाटतं, मला काकडी बाधायला लागली आहे.

शिरढोणच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी आमची लहानशी वाडी आहे. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले आणि कोंबड्या पाळायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं. आम्ही राहतो पनवेलला, मी नसते तेव्हा कोंबड्या गडी सांभाळतो. शेजारची वाडी हिराजीदादांची. मूळची भातशेतीतली माणसं. बरीचशी जमीन रस्त्यांत आणि प्रकल्पांत गेली, मुलगा बांधकामाचं सामान पुरवतो, दाराशी भलीमोठी गाडी उभी असते. पण दादांनी हा डोंगराकडचा तुकडा कुणाला हात लावू दिला नव्हता. उंच, काळेसावळे, राग कायम नाकावर. मी हौसेने बांधून घेतलेलं खुराडं त्यांनी पहिल्याच दिवशी चारी बाजूंनी पाहिलं आणि कोल्ह्यांसाठी जेवणाचा डबा छान बांधलात, असं मला सांगून गेले. तेव्हापासून आमचं जमलं. दोघांनाही गोड बोलायची फारशी सवय नव्हती, हे त्याचं कारण असावं.

पावसाळ्यात दादा भाताच्या बांधावर काकडीचे वेल लावायचे. पहिली काकडी देवाला, दुसरी कोल्ह्याला, आणि मग घरच्यांना. बांधाच्या कोपऱ्यात एक चपटा दगड होता. काकडीचा हंगाम असेपर्यंत रोज दिवेलागणीला त्यावर एक काकडी ठेवायची, हा त्यांच्या आजोबांपासूनचा रिवाज. सकाळी दगडावर देठ तेवढं उरायचं. 'कोल्हा काकडीला राजी' ही म्हण मी वर्गात जन्मभर समजावून सांगितली होती. ती अशी अक्षरशः पाळणारा माणूस मला निवृत्तीनंतर भेटला. मी त्यांना चिडवायचे. म्हटलं, ठेवायचीच तर एखादी जून, पिवळी पडलेली ठेवा, कोवळी कशाला घालवता? त्यावर ते खरोखरच रागावले होते. "उरलेला देतात त्याला वाटा म्हनत नाय, वहिनी."

एका वर्षी कोल्ह्यांनी माझ्या दोन कोंबड्या नेल्या. त्यातली एक तुरेवाली, माझी फार लाडकी. मी कुंपणापाशी जाऊन तुमच्या पाहुण्यांनी काय केलं बघा म्हणून दादांना भरपूर सुनावलं, आणि रागाच्या भरात, चार माणसं ऐकत असताना, या मेल्यांना एकदा विषच घातलं पाहिजे, असंही म्हटलं. माणूस रागात काय बोलत नाही! चहा पिताना मी ते विसरूनही गेले. दादा विसरले नव्हते.

पुढच्या पावसाळ्यात दगडावरची काकडी तशीच राहिली. दुसऱ्या दिवशीही तशीच. डोंगराच्या उतारावरून तिन्हीसांजेला येणारी कोल्हेकुई थांबली होती आणि ती कधी थांबली हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. आवाज असतो तेव्हा कटकट वाटते, नसला की कान उगीचच तिकडे लागतात. आठवडाभराने दादा माझ्या फाटकाशी आले. आत बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"वहिनी, खरा सांगा. कोल्ह्यांना इख तुमी घातलाव?"

मी नाही म्हटलं. त्यांना ते पटलं नाही हे चेहऱ्यावरून दिसत होतं. मग कोल्हे गेले कुठे, असं त्यांनी विचारलं आणि फाटक ओढून घेऊन निघून गेले. दोन्ही वाड्यांच्या मधून जायची एक पायवाट होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती बाभळीच्या काट्यांनी बंद केली. मला इतका संताप आला की मीही समजूत घालायला गेले नाही. खोटा आळ आणि तोही त्यांच्याकडून! गणपतीला बोलावणं आलं नाही, दिवाळीचा फराळ आमच्याच डब्यात राहिला. शनिवार-रविवार वाडीवर जायचे, पण काट्यांच्या पलीकडे ते खोकताना ऐकू आले तरी मी मान वर करत नसे. आता लिहिताना वाटतं, केवढा वेळ आम्ही वाया घालवला...

गंमत अशी की कोल्हे गेल्यावर माझ्या कोंबड्यांनी सुखात राहायला हवं होतं. झालं उलटंच. भर दुपारी मुंगूस अंगणात फिरायला लागलं. पूर्वी कधी नजरेला न पडलेलं रानमांजर संध्याकाळी खुराड्याच्या छपरावर निवांत बसून पंजे चाटू लागलं. अंडी जायची, पिल्लं जायची. कोल्ह्याच्या धाकाने जे लपूनछपून होते, त्यांना आता रान मोकळं मिळालं होतं. एक कोल्हा परवडला, म्हणायची पाळी माझ्यावर आली. हे सगळं पलीकडे जाऊन सांगावं, म्हणावं, बाबा रे, विष घालून मी माझंच घर बुडवीन का... पण मध्ये काटे होते.

मग पुन्हा पावसाळा आला आणि एक दिवस दादांचा कुत्रा गेला. राजा त्याचं नाव. तो दादांच्या मागून बांधावर चालत यायचा, ते थांबले की थांबायचा. सकाळी तो दिसेना म्हणून दादा शोधत निघाले, तर त्या चपट्या दगडाजवळच्या ओल्या मातीत त्यांना ठसे दिसले. दगडावर आदल्या दिवशीची काकडी तशीच. वनखात्याची माणसं आली, पाहून गेली. बिबट्या, दादांच्या भाषेत वाघ. आणि आजकालचा नव्हे, डोंगरात त्याचा बराच काळ मुक्काम असावा, असं त्यांचं म्हणणं पडलं.

त्याच दिवशी मी खुराडं झाडत असताना काटे मोडल्याचा आवाज झाला. फाटकातून यायला दादांना कुणी अडवलं नव्हतं, पण ते कोयत्याने बाभळी तोडत सरळ पायवाटेनेच आले. हातांवर ओरखडे, त्यातून रक्त. एका हातात काकडी.

"माजा चुकला, वहिनी. वाघ आयलाय डोंगरान. कोल्ही त्यानी घालवलीन."

एवढं बोलून ते पायरीवर बसले आणि राजासाठी रडले. मीही रडले, राजासाठी थोडी, बाकीची त्या फुकट गेलेल्या वर्षासाठी. मग मी हळद आणली, चहा टाकला, त्या काकडीला मीठ लावलं. चहावर आम्ही सगळा हिशोब जुळवला. मोठा आला तसे मधले सरकले, मधले सरकल्यावर बारकी माजली. अर्धी गोष्ट त्यांच्या दगडाला माहीत होती आणि अर्धी माझ्या कोंबड्यांना, फक्त दोघांची गाठ पडत नव्हती. माझी भाची खारघरला टॉवरमध्ये राहते. तिने पाठवलेला एक व्हिडिओ मला तेव्हा आठवला. इमारतीमागच्या खाडीतल्या तिवरांच्या झाडीकडेने दोन कोल्हे चाललेले. दादांनी मोबाइल डोळ्यांपाशी धरून तो पुन:पुन्हा पाहिला. एकाचा कान फाटका होता. हा आपलाच, दगडावर यायचा तो, त्यांनी जाहीर केलं. शिरढोणचा कोल्हा एवढे रस्ते ओलांडून खारघरला कशाला जाईल! तिथले कोल्हे तिथलेच असणार. पण इतक्या दिवसांनी तो माणूस हसला होता. मी म्हटलं, हो, कान तोच आहे.

तोडलेले काटे त्यांनी पुन्हा लावले नाहीत. एक माणूस जाईल एवढं खिंडार राहिलं ते राहिलंच. रोजची काकडीही चालू राहिली. बिबट्याने आणखी एक-दोन कुत्री नेली. मुलगा म्हणायचा, आता वाडी बंद करू, घरी बसा. दादा दिवस कलायच्या आत काकडी ठेवून परत येऊ लागले, पण ठेवायची ती ठेवलीच. यंदा ज्येष्ठात वेलांसाठी आळी करताना मी त्यांना शेवटचं पाहिलं. कोण खाणार आहे आता, म्हणून मी नेहमीसारखी छेड काढली. ते खुरपं थांबवून म्हणाले, "वाघ त्याच्या जागेवर आयलाय, त्याला का बोलाचा? पन ही कोल्ही जर माघारी आली, तं दगड रिकामा नको."

वेल त्यांनी लावले, काकड्या धरल्या त्या ते गेल्यावर. दिवसकार्यानंतर मी वाडीवर गेलेच नव्हते, धीर होत नव्हता. गेल्या रविवारी गेले. कोंबड्या कोंडल्या, परत निघायला पिशवी उचलली, आणि खाली खाडीच्या बाजूने एक आवाज उठला. मग दुसरा. लांब होता, पण कोल्हेकुईच. मी पिशवी टाकून खिंडारापाशी धावले आणि ओरडले, "दादा, ऐकलंत का?"

ओरडून झाल्यावर मला आठवलं. तशीच कुंपणाला धरून उभी राहिले.

पलीकडून सविताचा आवाज आला. "ऐकला, काकू." ती बांधावर उभी होती. परडीत चार-पाच काकड्या घेऊन दगडासमोर घुटमळत होती. मला पाहून तिने विचारलं, बाबा कुठली ठेवायचे, जून की कवळी?

"कवळी," मी म्हटलं. "त्यातली सगळ्यात चांगली."