उदबत्तीचा सरळ धूर

मोबाईलवर बंडूमामांचं नाव दिसलं आणि फोन उचलताच मी म्हणालो, "मामा, पाणी फर्स्टक्लास! आज तर आईची पाठ भाजली."  पलीकडून त्यांच्या मुलीचा आवाज आला, "जिजाजी, बाबा गेले... सकाळीच." आज महिना झाला, तरी ते वाक्य आठवलं की लाज वाटते.

बंडूमामा माझ्या बायकोचे, नीलिमाचे, मामा. आयुष्यभर त्यांनी हवा वाहून नेणारे पत्र्याचे डक्ट बनवले. दाल बाजारामागे छोटं वर्कशॉप होतं. लग्नात जेवायला बसले तरी आधी वर बघून हॉलचे डक्ट तपासायचे. "माझा जोड हवा सोडत नाही," एवढाच त्यांचा गर्व. बाकी माणूस अगदी नरम.

गेल्या वर्षी माझा भाऊ पुण्याला गेला, किला गेटजवळच्या त्याच्या घराला कुलूप लागलं आणि तिथे राहणारी आई आमच्याकडे दर्पण कॉलनीत आली. दोन घरं एक झाली, म्हणजे एका ओट्यावर दोन पोळपाट आले. आईची अट एकच : पहाटे पूजेआधी अंघोळीला कढत पाणी. "नाहीतर परत सोड मला. कुलूप उघडता येतं अजून."

मी पाणी तापवायचा हीट पंप आणला आणि स्टोअररूममध्ये कोंडला. मामा बघून हसले. "जावईबापू, ही मशीन हवेतली गरमी खाते आणि थंडी ओकते. खिडकी ना झरोका! आपलीच ओकलेली हवा परत खाऊन बीमार पडेल बिचारी." मग त्यांनी थंड हवा मागच्या भिंतीबाहेर काढणारा डक्ट बसवला, तोही एकाच वळणाचा, आणि ताज्या हवेसाठी समोरच्या भिंतीत जाळी केली. पाणी कढत येऊ लागलं.

जानेवारीत त्या जाळीतून असा वारा यायचा की पॅसेजमध्ये पाय गारठायचे. मी डोकं चालवलं. जाळीत जुनी रजाई कोंबली, पुढे खोकी रचली आणि कोणाला काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी पाणी कोमट झालं. चौथ्या दिवशी आई परत जायला देव डब्यात भरू लागली.

मामा आले. जिने चढून धाप लागली होती, तरी त्यांनी दुपारभर डक्टचा एकेक जोड उदबत्ती धरून तपासला. जोड फुटका असता तर धूर हलला असता. तो हलेना. मी शेजारी टॉर्च धरून उभा... प्रकाश जाळीकडे जाऊ न देता. शेवटी उदबत्ती जाळीकडे गेली. तिथे तर हवा आत यायला हवी होती, पण धूर सरळ वर. मामांनी खोकी सरकवली, रजाई ओढून काढली, घडी घातली. माझ्याकडे एकदा बघितलं.

बाहेर येऊन आईला म्हणाले, "ताई, माझाच जोड ढिला पडला होता. आता पक्का केला."

"वय झालं हो तुमचं," आई म्हणाली. मामा "हो, झालं खरं" म्हणून चहा प्यायले. आईने देव बाहेर काढले. त्यानंतर तीन आठवड्यांनी मामा गेले.

तेरावं उरकून परतल्यावर मी नीलिमाला सगळं सांगून टाकलं. ती रडेल किंवा चिडेल असं वाटलं होतं. पण चप्पल काढता काढता ती एवढंच म्हणाली, "मला कशाला सांगताय? आईंना सांगा. कालच त्या शेजारणीला सांगत होत्या, शेवटी शेवटी मामांच्या हाताला पूर्वीची सफाई राहिली नव्हती."